पीएचडीचा प्रबंध जमा करताय? आधी फाँट बघा

शिवाजी विद्यापीठात मराठीतून पीएचडी करणारी बरीच पोरं सांगली-साताऱ्याकडनं येतात, प्रबंध गावातल्याच डीटीपीवाल्याकडं टाईप करून घेतात आणि बायंडिंग झाल्यावर कळतं की सॉफ्ट कॉपीच चालत नाही. बघून जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

कोर्सवर्क, रजिस्ट्रेशन हे बहुतेकांचं झालेलं असतं. मार्जिन, साईज, किती प्रती ते चालू परिपत्रकात बघा, सिनियरचा जुना प्रबंध समोर ठेवून करू नका.

अडतं ते फाँटपाशी. जुन्या श्रीलिपी, कृतीदेवमध्ये पडद्यावर मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरंच असतात, त्यामुळं दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ते मराठी म्हणून कळतच नाही, आणि एखादा अंध विद्यार्थी एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून ऐकायला बसला तर त्याला एक शब्द समजत नाही. पीएचडी मिळाल्यावर प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाईन संग्रहात, जातो, तो त्या पोराचाही आहे की! पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, मराठी उमटली नाही तर फाईल युनिकोडमध्ये (त्यात मराठी अक्षर आतही मराठीच राहतं) बदलून घ्या. कन्व्हर्टर मिळतात पण रफार आणि जोडाक्षरं नंतर स्वतः वाचून तपासायला लागतात, त्याला दिवस राखून ठेवा. प्रिंट काढून स्कॅन केलेली पीडीएफ तर नकोच, ते नुसते फोटो. ऐकून वाचणाऱ्यासाठीच प्रकरणांच्या नावांना वर्डमधली हेडिंग स्टाईल द्या, नुसतं बोल्ड करू नका, आणि आलेखाखाली त्यात काय दिसतंय ते दोन ओळीत लिहा.

दुसरा घोळ साम्याच्या टक्क्यांचा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमात 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, याचा अर्थ तेवढं उचलायची परवानगी असा काढू नका. अवतरणचिन्हात, संदर्भ देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची मोजणीतून वगळतात, म्हणून तळटीप वाक्य लिहितानाच टाका, शेवटी पान नंबर शोधत बसलं की सापडत नाहीत. 10 ते 40 टक्क्यांत सुधारून द्यायला सहा महिने मिळतात असं पोरं धरून चालतात, पण नियमात 'जास्तीत जास्त' सहा महिने आहेत, विद्यापीठ कमीही देऊ शकतं, पत्रावरची तारीख नीट वाचा. 40 च्या वर गेलं तर वर्षभर जमा करता येत नाही, 60 च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द.

कागदात दोन विसरतात, काम मूळ आहे आणि सॉफ्टवेअरनं तपासलंय असं तुमचं हमीपत्र, आणि गाईडचं प्रमाणपत्र. सर-मॅडम सुट्टीत परगावी जाणार असतील तर सही आधीच घेऊन ठेवा.