कंपासपेटीतली पकड

मागच्या रविवारी संध्याकाळी भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. "मावशी, माझी अक्षरं गेली!"

ती नववीत आहे. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेची तयारी चालू आहे, त्यामुळे तिच्या टेबलावर पुस्तकं थोडी आणि स्केचपेनं, ब्रश, रंगीत चिकटपट्ट्या, कात्र्या भरपूर. गेले दोन महिने ती एक चिकटवही करते आहे. सोसायटीच्या आवारात सापडलेलं पान वाळवायचं, वहीत चिकटवायचं आणि शेजारी त्याची माहिती सुवाच्य अक्षरात लिहायची. त्या दिवशी आपट्याच्या पानाची पाळी होती. लाकडाला लावतात तो पांढरा डिंक जरा जास्त झाला आणि वाळताना कागदाला लाटा आल्या. तिने वर सुती रुमाल घातला आणि इस्त्री फिरवली. लाटा गेल्या, पण त्यांच्याबरोबर अकरा ओळीही गेल्या. पान कोरं.

"लिहिलंस कशाने?"

"त्या खोडता येणाऱ्या जेल पेनाने."

"मग रडू नकोस. वही पिशवीत घाल, पिशवीचं तोंड घट्ट बांध आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेव."

सकाळी सातला फोटो आला. अक्षरं परत आली होती, थोडी फिकट, पण सगळी. खाली एकच शब्द होता: "कसं?"

मी रसायनशास्त्र शिकवते. वर्गात हा प्रश्न मला फार कमी वेळा इतक्या मनापासून विचारला जातो. म्हणून पुढचा रविवार मी तिच्या टेबलाशी घालवला.

या पेनाच्या मागच्या रबराने शाई खरवडली जात नाही. घासल्याने उष्णता तयार होते आणि काम ती उष्णता करते. शाईत मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढ्या कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत तीन पदार्थ. एक रंगद्रव्य, जे एकटं असताना बिनरंगी असतं. दुसरं सौम्य आम्लधर्मी द्रव्य, ज्याने धरल्यावर त्या रंगद्रव्याला रंग येतो. तिसरा पदार्थ मेणासारखा, तापला की वितळणारा. तो घट्ट असेपर्यंत पहिली दोन एकमेकांना धरून असतात आणि अक्षर दिसतं. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर तिसरा वितळतो, त्यांची पकड सुटते आणि अक्षर नाहीसं होतं. शाई कागदावरच असते, फक्त दिसत नाही.

खरी कारागिरी पुढे आहे. कागद पुन्हा गार झाल्यावर रंग लगेच परत आला असता, तर या पेनाचा काही उपयोग नव्हता. म्हणून तिसरा पदार्थ असा निवडतात की तो ६० अंशांना सोडतो, पण पुन्हा धरतो शून्याच्या खाली, उणे १० ते उणे २० अंशांच्या दरम्यान. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ ला असतो, म्हणून वही वाचली. एक सांगून ठेवते: परीक्षेचा पेपर, अर्ज, चेक यांवर या पेनाने कधीही लिहू नये. एप्रिलच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली वहीसुद्धा कोरी होऊ शकते.

"पण मग लाटा का आल्या?" तिने विचारलं. मला हा प्रश्न शाईपेक्षाही आवडला.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या, म्हणजे वनस्पतींच्या पेशीभिंतीतल्या पदार्थाच्या, तंतूंची चटई. तंतू एकमेकांना धरून ठेवायला मुळात डिंक लागत नाही. लगद्यातलं पाणी निघून जाताना ते जवळ येतात आणि हायड्रोजन बंधांनी, म्हणजे शेजारच्या रेणूंमधल्या हलक्या ओढीने, जोडले जातात. हा बंध रेणूच्या आतल्या बंधांच्या मानाने फार दुबळा, जेमतेम दहावा-विसावा हिस्सा. पण एका पानात असे बंध इतके असतात की सगळे मिळून ते पान धरून ठेवतात. पाणी लागलं की पाण्याचे रेणू मध्ये घुसतात आणि स्वतःच तंतूंना बिलगतात. तंतू फुगतो, तोही लांबीत अगदी थोडा आणि जाडीत पुष्कळ. यंत्रावर केलेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेला झोपलेले असतात, म्हणून ओला भाग एकाच अंगाने पसरतो, भोवतालचा कोरडा भाग त्याला जागा देत नाही, आणि लाट उठते. वर्तमानपत्र फाडून बघा. उभं सरळ फाटतं, आडवं फाडलं की वाकडंतिकडं जातं. त्याचं कारणही हेच.

हाताने चाळणीवर उचललेल्या कागदात तंतू सगळ्या दिशांना पडतात. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. तिथला एक जाड कागद मी तिला आणून दिला आणि दोन्हींवर सारखंच पाणी लावायला सांगितलं. फरक तिने स्वतः पाहिला.

इस्त्रीचंही गणित मग आपोआप सुटलं. सुती कापडही सेल्युलोजच. पाणी शिंपडून इस्त्री केली की जुने बंध सुटतात आणि दाबाखाली, सपाट अवस्थेत, नवे जुळतात. तिने कागदाला सदऱ्यासारखं वागवलं होतं आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं.

पांढरा डिंक वाळल्यावर पारदर्शक का होतो, हेही तिला हवं होतं. त्यात पाण्यात तरंगणारे प्लास्टिकसारख्या पदार्थाचे बारीक कण असतात. दुधातल्या कणांप्रमाणे ते प्रकाश सगळीकडे विखुरतात, म्हणून तो पांढरा दिसतो. पाणी उडालं की कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो आणि प्रकाश सरळ पार जातो.

मग तिने कंपासपेटी उघडली. आत खोडरबर प्लास्टिकच्या पारदर्शक मोजपट्टीला असं चिकटलं होतं की ओढून काढल्यावर पट्टीवर त्याचा ठसा राहिला. माझ्याही लहानपणी हे व्हायचं आणि "उन्हात ठेवलंस म्हणून" असं ऐकायला मिळायचं. ऊन मदत करतं, पण मूळ कारण वेगळं. आजची पुष्कळ पांढरी खोडरबरं रबराची नसतात, पीव्हीसी या प्लास्टिकची असतात. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ व्हावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात. ते द्रव्य आत पक्कं बांधलेलं नसतं. दुसरं प्लास्टिक लागून असलं की हळूहळू त्यात झिरपतं आणि त्याला विरघळवतं. खोडरबराभोवती कागदाचं वेष्टन असतं ते म्हणूनच. तिने ते पहिल्याच दिवशी काढून चिकटवहीत लावलं होतं. छान दिसतं म्हणून.

खोडरबर हा शब्द मला फार गोड वाटतो. इंग्रजीत रबराला रबर हे नाव पडलं ते घासून खोडता येतं यावरून. त्याच्या या गुणाची नोंद १७७० साली इंग्लिश शास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टली यांनी केली होती. त्याआधी लोक पावाच्या तुकड्याने खोडत. आपण रबराला पुन्हा 'खोड' जोडलं, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगितली.

शिसपेन्सिल या शब्दातही अशीच एक जुनी समजूत जपून राहिली आहे. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं. इंग्लंडमध्ये बॉरोडेल इथे सोळाव्या शतकात ग्रॅफाइटचा शुद्ध साठा सापडला, तेव्हा लोकांना ते शिशाचाच प्रकार वाटलं. तो कार्बन आहे हे स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ शेले याने १७७९ मध्ये दाखवलं. पुढे ब्रिटनशी युद्ध चालू असताना फ्रान्सला हे ग्रॅफाइट मिळेना. तेव्हा निकोला-जाक काँते यांनी १७९५ मध्ये ग्रॅफाइटची भुकटी चिकणमातीत मळून भट्टीत भाजली. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकट, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी. भाचीच्या डब्यातल्या २बी, ४बी, ६बी या सगळ्या त्याच पाककृतीच्या.

ग्रॅफाइटमधे कार्बनचे अणू षटकोनी जाळ्यांत असतात. जाळ्याच्या आतली पकड हिऱ्यातल्या पकडीपेक्षाही घट्ट, पण एका जाळ्याची वरच्या जाळ्याशी असलेली पकड नाममात्र. म्हणून कागदावर ओढली की पेन्सिलीचे थर सुटतात आणि कागदाच्या तंतूंत अडकतात. एक मिलिमीटर जाडीत असे सुमारे ३० लाख थर. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी यातला एकच थर वेगळा केल्याचं २००४ मध्ये जाहीर केलं. तो थर म्हणजे ग्राफीन. त्यावरच्या कामासाठी त्यांना २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. थर सोलायला त्यांनी वापरली होती साधी चिकटपट्टी.

हे ऐकल्यावर ती थांबणं शक्यच नव्हतं. तिने ६बीने कागदावर काळाकुट्ट चौकोन गिरवला, त्यावर चिकटपट्टी दाबून उचलली. मग पट्टीची स्वच्छ बाजू काळ्या डागावर दुमडायची, उघडायची, पुन्हा नवी जागा. दर खेपेला डाग दुभंगत होता आणि करडा होत चालला होता. घरी एकच थर मिळाला तरी तो नुसत्या डोळ्यांना ओळखू येणार नाही, कारण एक थर जेमतेम २.३ टक्के प्रकाश अडवतो. हे मी तिला सांगितलं. तिने मान डोलावली आणि दुमडत राहिली.

सतराव्या खेपेनंतर तिने पट्टी खिडकीशी धरली. बराच वेळ बघितलं. मग आपट्याच्या पानासमोरच्या पानावर ती लावली आणि खाली तारीख घातली. या वेळी बॉलपेनने.