शर्टवेस्ट

शर्टवेस्ट : पुरुषी शर्टाच्या घाटाचा, कमरेपर्यंत येणारा अमेरिकन स्त्रियांचा कपडा. सु. 1890 ते 1910 या काळात तो लांब, गडद स्कर्टमध्ये खोचून, वर पट्टा बांधून वापरला जाई. अमेरिकन चित्रकार चार्ल्स डाना गिब्सनच्या रेखाचित्रांतील तरुणीचा हाच ओळखीचा वेष.

त्याच्या उगमाबाबत मतभेद आहेत. इटलीच्या एकीकरणासाठी लढलेल्या जूझेप्पे गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांच्या तांबड्या सदऱ्यावरून 1860 च्या दशकात स्त्रियांसाठी सैल, चुणीदार ‘गॅरिबाल्डी शर्ट’ निघाला. शर्टवेस्ट त्याचाच वंशज, असे काही अभ्यासक मानतात. दुसरे मत पुरुषांच्या शर्टाकडे बोट दाखवते. ताठ कॉलर, कफ आणि पुढची बटणपट्टी तेथूनच उचललेली दिसते. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय गावी सुट्या कॉलरचा धंदा जुना होता (सुरुवात पारंपरिक समजुतीनुसार 1820 च्या दशकाच्या अखेरीस) आणि शर्टवेस्टवरही अशी कॉलर वेगळी लावण्याची रीत होती. लहान मुलांची विजार ज्या अंगरख्याला बटणांनी अडकवीत, त्याच्याशीही संबंध जोडला गेला आहे. तो दुवा कच्चा वाटतो. 1870–80 च्या दशकांत अंगाला घट्ट बसणाऱ्या बॉडिसची (स्त्रियांच्या पोशाखाच्या वरच्या भागाची) चलती होती. त्यामुळे गॅरिबाल्डी शर्टापासून अखंड परंपरा दाखवणे कठीण जाते, आणि कपडा बेतण्याच्या पद्धतीचा पुरावाही दुसऱ्या मताकडे अधिक झुकतो.

जुन्या बॉडिसला अस्तर असे, आत ‘व्हेलबोन’च्या (व्हेलच्या तोंडातील लवचिक पटलांच्या) पट्ट्या असत आणि तो प्रत्येकीच्या मापाने बेतावा लागे. साध्या शर्टवेस्टला यातले काही नसे. खांद्यावर योक (वेगळा कापून जोडलेला तुकडा), खाली चुण्या, कमरेला नाडी किंवा पट्टा; सैलपणामुळे थोड्याच ठरावीक मापांत तो बहुतेकींना चाले. तयार कपड्यांच्या धंद्याला हेच हवे होते. पातळ सुती कापडाचे अनेक थर एकावर एक रचून एकदम कापीत. बाह्या, कॉलर, काजे ही कामे वेगवेगळ्या हातांकडे जात. बाहीचा फुगा सु. 1895 च्या सुमारास कमाल आकाराला पोहोचला व नंतर ओसरला. 1900 नंतर पुढचा भाग पट्ट्यावर फुगवून सोडण्याची टूम आली.

टंकलेखिका, दुकानातील विक्रेत्या, शिक्षिका, कापडगिरणीतील मुली आणि धनिकांच्या लेकी असा सगळ्यांचाच हा वेष होता. सायकल चालवायला, टेनिस खेळायला, रविवारी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या करमणुकीच्या किनाऱ्यावर किंवा नाचघरात जायला तो सोयीचा पडे. यावरून वेषातील वर्गभेद मिटला, असा निष्कर्ष काढला जातो. तो अर्धाच खरा मानावा. कापड, लेस, हाताची भरतकला यांत फरक उरलाच. पांढरा शर्टवेस्ट रोज खळ घालून कडक इस्त्रीचा ठेवायला वेळ तरी हवा, नाहीतर धोबीण.

1900 च्या उन्हाळ्यात काही पुरुषांनी कोट टाकून नुसत्या शर्टावर हिंडायला सुरुवात केली. वृत्तपत्रांनी त्यांचे नाव ‘शर्टवेस्ट मॅन’ ठेवले आणि अशांना उपाहारगृहात घ्यावे की नाही, यावर वाद झडला.

हे कपडे शिवणाऱ्या बहुतांश तरुण मुली ज्यू व इटालियन स्थलांतरितांच्या कुटुंबांतील होत्या. 22 नोव्हेंबर 1909 रोजी न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या शिक्षणसंस्थेतील सभेत क्लारा लेम्लिख ही तरुण कामगार यिद्दिशमध्ये (पूर्व युरोपीय ज्यूंच्या भाषेत) बोलली आणि सार्वत्रिक संपाचा ठराव झाला. ‘वीस हजारांचा उठाव’ म्हणून ओळखला जाणारा हा संप फेब्रुवारी 1910 पर्यंत चालला. अ‍ॅन मॉर्गन, आल्वा बेलमाँट अशा धनाढ्य स्त्रियांनी त्याला पाठिंबा दिला. संपकरी मुलींच्या नटव्या टोप्या पाहून त्या गरीब नसाव्यात, असाही सूर निघाला. चांगले कपडे हा आपलाही हक्क, ही त्या मुलींची भूमिका होती.

25 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्कमधील ॲश इमारतीच्या वरच्या मजल्यांवरील ट्रायँगल वेस्ट कंपनी या शर्टवेस्टच्या कारखान्याला आग लागली आणि 146 कामगार मरण पावले. नवव्या मजल्यावरील एक दार कुलूपबंद होते, असे साक्षींतून पुढे आले. डिसेंबर 1911 मध्ये मालक निर्दोष सुटले. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने कारखान्यांतील सुरक्षिततेविषयी अनेक कायदे केले.

1910 च्या दशकात एकसंध (वन-पीस) पोशाखाची पद्धत वाढली आणि शर्टवेस्ट मागे पडला. विसाव्या शतकाच्या मध्यावर लोकप्रिय झालेल्या बटणपट्टीच्या ‘शर्टवेस्ट ड्रेस’ने नाव व कॉलर तेवढी उचलली.