कोपऱ्यातला बेडूक

घराबाहेर पडताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून कुणी ‘जातो’ म्हणालंच तर दारातच त्याला टोकलं जातं. आणि माणूस खरोखरच संपतो तेव्हा मात्र आपण म्हणतो, ‘गेले’.

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या गिरगावच्या चाळीत माझ्या पाच वर्षांच्या भाच्याला घरच्यांनी सांगितलं, “आबा देवाघरी गेले.” त्याने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून, आबा चौपाटीवरून फिरून यायचे त्या वेळेला, तो त्यांच्या चपला कपाटातून काढून दाराशी मांडायला लागला. कुणी काही बोललं नाही. रात्री चपला मुकाट्याने आत जायच्या, संध्याकाळी पुन्हा बाहेर यायच्या. पुढे चाळीचा गणपती आला. ढोल वाजायला लागल्यावर हा कानांवर हात दाबून आतल्या खोलीत जाऊन बसला. आम्हाला वाटलं, दमला असेल.

चपला मांडण्यात त्याचं काहीच चुकत नव्हतं. मारिया नागी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्टमधल्या ३ ते १० वर्षांच्या ३७८ मुलांना मरणाबद्दल बोलतं केलं होतं. तो अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे बहुधा प्रवास किंवा झोप वाटत होती. माणूस दुसरीकडे कुठेतरी आहे, इतकंच. नंतरच्या संशोधकांनी या समजुतीचे तुकडे वेगळे करून पाहिले: मेलेला परत येत नाही, त्याच्या शरीराची सगळी कामं थांबतात, आणि जिवंत असलेला प्रत्येक जण कधीतरी मरतो. बहुतेक मुलांना हे पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगतं, पण सगळं एकदम नाही. आबा परत येणार नाहीत हे पटलेलं मूल ‘त्यांना तिथे थंडी वाजत असेल का’ असंही विचारतं. त्यात आपण ‘देवाघरी गेले’, ‘झोपले’, ‘तारा झाले’ असे शब्द देतो. हे शब्द आपल्याला धीर देतात. लहान मूल मात्र त्यांचा सरळ अर्थ घेतं. गेलेला माणूस येतो, झोपलेला उठतो. ‘झोपले’ ऐकलेली काही मुलं मग रात्री डोळे मिटायलाच घाबरतात.

दादरच्या एका दुकानातून मी एक चित्रपुस्तक आणलं. त्यात तळ्याकाठचं एक म्हातारं कासव मरतं. पानावर एखादीच ओळ, बाकी सगळं चित्र. ‘कासव मेलं’ ही दोन शब्दांची ओळ वाचताना माझाच आवाज अडकला. पुढचं पान उलटणार तेवढ्यात भाच्याने माझा हात धरला. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तोंड उघडलेला एक एवढासा बेडूक होता. मला तो दिसलाच नव्हता.

“मावशी, हा ओरडत होता म्हणून कासव मेलं?”

आबा गेले त्या दुपारी तो गॅलरीत भिंतीवर चेंडू आपटत होता. “आबांना झोपू दे जरा,” म्हणून आजी त्याला रागावली होती. तीन आठवडे त्याने ते एकट्याने मनात धरून ठेवलं होतं. ढोलाच्या आवाजाचं कोडं मला तेव्हा सुटलं.

बेडूक मला दिसला नाही याला कारण आहे. कुणी पुस्तक वाचून दाखवत असताना लहान मुलांची नजर कुठे फिरते, हे कॅनडातल्या संशोधकांनी २००५ साली मोजलं. मुलं अक्षरांकडे जवळजवळ बघतच नव्हती, त्यांचे डोळे चित्रावरच होते. म्हणजे मांडीवर पुस्तक एकच असलं, तरी मोठा माणूस ओळी वाचतो आणि मूल चित्र वाचतं. आपल्या नजरेतून निसटलेलं त्याला सापडतं, आणि जे मनात आधीपासून सलतंय ते आधी सापडतं. या वयात जगात जे घडतं ते आपल्यामुळे घडलं असं मुलांना सहज वाटतं. बालमानसशास्त्रज्ञ प्याजेपासून अनेकांनी या विचारपद्धतीबद्दल लिहिलं आहे. घरात मृत्यू, मोठं आजारपण किंवा आईबाबांची ताटातूट झाली की मुलांच्या मनात बहुधा तीन प्रश्न असतात: माझ्यामुळे झालं का? मला किंवा आईलाही होईल का? आता माझं कोण करणार? समोर बसवून ‘तुला काय वाटतंय?’ विचारलं तर ते बाहेर येत नाहीत, कारण मुलाकडे त्यासाठी शब्दच नसतात. चित्र उघडलं की दोघंही तिसऱ्याच कुणाकडे बघतात. प्रश्न बेडकाबद्दल विचारता येतो. मला हेच या पुस्तकांचं खरं बळ वाटतं. म्हणून माझा आग्रह आहे, की मूल थांबेल त्या पानावर आपणही थांबावं, गोष्ट अर्धी राहिली तरी चालेल.

गोष्टीचा परिणाम शरीरावरही दिसतो. साओ पाउलोच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या २ ते ७ वर्षांच्या ८१ मुलांवर एक प्रयोग झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना अर्ध्या तासाच्या आसपास गोष्टी सांगितल्या, काहींना त्याच माणसांनी तितकाच वेळ कोडी घातली. आधी आणि नंतर लाळेचे नमुने घेतले. ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल दोन्ही गटांत कमी झालं आणि जवळिकीशी जोडलेलं ऑक्सिटोसिन वाढलं, पण गोष्ट ऐकलेल्या मुलांमध्ये हा फरक जवळपास दुप्पट होता. त्यांचं दुखणंही अधिक कमी झालं, आणि नंतर नर्स किंवा रुग्णालयाचं चित्र दाखवल्यावर ती त्याबद्दल जास्त चांगलं बोलली. परळला टाटा रुग्णालयासमोरून जाताना बाहेरगावाहून आलेली, फुटपाथवर आईबापांबरोबर बसलेली मुलं दिसतात तेव्हा मला हा प्रयोग आठवतो. त्या पिशव्या-वळकट्यांमध्ये एखादं पुस्तक असतं का, हे मी आता बघायला लागले आहे.

पुस्तक प्राण्यांचं असावं की माणसांचं? टोरोंटोतल्या एका प्रयोगात वाटून घेण्याबद्दलची माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले जास्त स्टिकर दुसऱ्या मुलांसाठी दिले. प्राण्यांच्या गोष्टीने तसा फरक पडला नाही. पण तो प्रश्न वाटून घेण्याचा होता. दुःखाच्या बाबतीत थोडं अंतर बरं, असं मला वाटतं. थेट आजोबांची गोष्ट असती, तर आमच्याकडे पुस्तक पहिल्याच पानावर मिटलं असतं. मात्र मरणाला मरण न म्हणणारं आणि शेवटी उपदेश करणारं पुस्तक मी दुकानातच ठेवते.

पुस्तकाने सगळं भागत नाही. झोप, खाणं, शाळा आठवडेच्या आठवडे विस्कटलेली राहिली, तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा समुपदेशकाशी बोलायलाच हवं. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलिमानस या मोफत हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे.

त्या रात्री मी त्याला सांगितलं, “आबांचं हृदय खूप आजारी होतं, ते बंद पडलं. आबा मेले. आवाजाने कुणी मरत नाही.” तो बराच वेळ बेडकावर बोट ठेवून बसला. मग विचारलं, “चेंडूने पण नाही?”

“चेंडूने पण नाही.”

चपला त्यानंतरही काही दिवस बाहेर येत राहिल्या. एका संध्याकाळी त्याने त्या स्वतःच्याच पायात घातल्या, गॅलरीभर फटक फटक वाजवत फिरून आला आणि कपाटात ठेवल्या. पुस्तक अजून रोज लागतं. ते पान आलं की तो खाली वाकून बेडकाला सांगतो, “ओरड तू. काही होत नाही.”