चार तळहातांएवढी जमीन

१,२०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असते, तेव्हा तिच्यात सुमारे ४६३ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. उभ्या गाडीला ही ऊर्जा दहा सेकंदांत द्यायची, तर चाकांपर्यंत सरासरी ४६ किलोवॉट, म्हणजे ६३ अश्वशक्ती पोहोचावी लागते. हवेचा आणि टायरचा विरोध यात धरलेला नाही. गाडी १,६०० किलोंची असली की त्याच दहा सेकंदांसाठी ८४ अश्वशक्ती लागते. पिकअप, वळणावरची पकड आणि सोय हे तीन स्वतंत्र गुण आहेत असे समजून गाडी निवडताना वाद घातला जातो. भौतिकशास्त्राला मात्र तिथे एकच खातेवही दिसते: गाडीत वस्तुमान किती आहे आणि ते जमिनीपासून किती उंचीवर बसवले आहे.

पिकअपबद्दल फार लिहावे लागू नये, पण माहितीपत्रकातला सर्वांत मोठा आकडा तिथलाच असल्याने थोडे लिहिणे भाग आहे. मध्यम आकाराच्या गाडीला सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरचा वेग नुसता टिकवून धरायला साधारण १२ किलोवॉट पुरतात. त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक हवा बाजूला सारण्यात खर्च होतात. इंजिनाची या बारा किलोवॉटांपलीकडची शक्ती चढासाठी आणि ओव्हरटेकसाठी राखीव असते. शिवाय कमाल अश्वशक्ती मिळते ती इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेत असताना, आणि रोजच्या वापरात तिथवर पोहोचणारे चालक थोडेच. दोन हजार फेऱ्यांवर ११० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देणारे साधे इंजिन त्या क्षणी २३ किलोवॉट देते, तर तिथेच १७० न्यूटन-मीटर देणारे टर्बो इंजिन जवळपास ३६ किलोवॉट देते. दोघांची कमाल अश्वशक्ती सारखीच छापलेली असू शकते. म्हणून ज्याला पिकअपची काळजी आहे त्याने टॉर्क किती फेऱ्यांवर मिळतो हे आधी पाहावे, असे माझे मत आहे.

खरी गुंतागुंत वळणावर आहे. एका चाकावर ३०० किलो भार असेल आणि टायरमध्ये २.२ बार दाब असेल, तर रबर जमिनीला टेकते ती जागा सुमारे १३० चौरस सेंटिमीटरची, म्हणजे तळहाताएवढी भरते. वेग वाढवणे, थांबणे आणि वळणे ही तिन्ही कामे असल्या चार तळहातांवर चालतात, आणि त्यांना मिळणारी पकड सामाईक असते. ब्रेक जोरात दाबून पकडीचा मोठा वाटा संपवला, तर वळण्यासाठी थोडीच शिल्लक राहते. ५० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ६० किलोमीटरने घेताना गुरुत्वीय त्वरणाच्या ०.५७ पट बाजूचे त्वरण लागते. वेग ७० केला की तेच ०.७७ पट होते, आणि रस्त्यावरच्या सामान्य टायरची कोरड्या डांबरावरची मर्यादा तिथून फार लांब नसते.

घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, असे शाळेत शिकवले जाते. रबर हा नियम पुरता पाळत नाही. भार दुप्पट झाला तरी टायरची पकड दुपटीपेक्षा कमीच वाढते, आणि हँडलिंग, म्हणजे गाडीची वळणावरची वागणूक, या शब्दाखाली जे काही बोलले जाते त्याचा मोठा भाग या एका खोडीतून निघतो. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. आतल्या टायरची जेवढी पकड जाते तेवढी बाहेरच्यांना मिळत नाही, म्हणून एकूण बेरीज घटते. भार किती सरकणार हे गुरुत्वमध्याच्या, म्हणजे गाडीचे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते त्या बिंदूच्या, उंचीवर ठरते. १,४०० किलोंच्या गाडीचा गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर आणि दोन्ही बाजूंच्या चाकांमधले अंतर दीड मीटर असेल, तर ०.५ पट त्वरणाच्या वळणावर सुमारे २५७ किलो भार बाहेर जातो. गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर नेला की हाच आकडा ३२७ होतो. आतल्या बाजूला मुळात ७०० किलोच होते, हे लक्षात घेतले की उंच गाडी वळणावर बिचकल्यासारखी का वाटते ते कळते. स्प्रिंगा कडक केल्या की गाडी कमी झुकते खरी, पण एकूण सरकणारा भार त्याने जवळजवळ तेवढाच राहतो. झुकणे हे त्या सरकण्याचे डोळ्यांना दिसणारे रूप आहे.

उंचीमुळे गाडी उलटण्याचा धोका किती, हे जोखण्याचे आणखी एक सोपे माप आहे, आणि ते जितके मोठे तितका धोका कमी: दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. वरच्या उदाहरणात ते पहिल्या गाडीसाठी १.३६ आणि दुसरीसाठी १.०७ येते. पहिली गाडी उलटण्याच्या खूप आधी घसरते. दुसरीत घसरणे आणि उलटणे यांच्यातली फट अरुंद असते, आणि झटक्याने उलटसुलट वळवल्यास ती आणखी अरुंद होते. १९९७ साली मर्सिडीजच्या नव्या ए-क्लास गाडीबाबत हेच घडले. साडेतीन मीटरच्या आसपास लांबीत चार-पाच माणसांची ऐसपैस सोय करता यावी म्हणून तिचा तळ दुहेरी आणि बैठक उंच ठेवली होती. अपघातात इंजिन प्रवाशांच्या पायांखाली सरकावे ही त्यामागची कल्पना खरोखर हुशारीची होती. परंतु स्वीडनमध्ये, अचानक समोर आलेल्या सांबरासारख्या प्राण्याला चुकवण्याची नक्कल करणाऱ्या चाचणीत ती उलटली. कंपनीने विक्री थांबवून सस्पेन्शनमध्ये, म्हणजे स्प्रिंगा आणि चाकांच्या जोडणीत, बदल केले आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक स्थैर्य प्रणाली बसवली. ही प्रणाली एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून गाडीला चालकाने दाखवलेल्या दिशेकडे परत आणते. दोनच वर्षांपूर्वी ती महागड्या गाड्यांपुरती बाजारात आली होती. २०१४ पासून युरोपीय संघात ती प्रत्येक नव्या मोटारगाडीत सक्तीची झाली. पकड वाढवणे तिला जमत नाही; असलेली पकड ती अधिक शहाणपणाने वाटते.

यावरून सोय आणि हँडलिंग यांचे हाडवैर आहे असा निष्कर्ष कोणी काढला, तर त्याने १९५९ ची मिनी ही छोटी ब्रिटिश गाडी आठवावी. तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांनी तिचे इंजिन आडवे ठेवले, गिअरबॉक्स त्याच्या खाली नेला, दहा इंची चाके अगदी चार कोपऱ्यांत ढकलली, आणि जेमतेम तीन मीटरच्या गाडीत चार माणसे बसवली. हे सगळे जागा वाचवण्यासाठी केले होते. पण कोपऱ्यांतल्या चाकांमुळे, बुटकेपणामुळे आणि कमी वजनामुळे ती वळणावर अशी चिकटून राहू लागली, की १९६४, १९६५ आणि १९६७ साली तिने माँटे कार्लो रॅली जिंकली. सोयीसाठी जागा आडवी शोधली की उभी, एवढाच काय तो दोन्ही गाड्यांमधला फरक.

सोयीचे आकडेही तपासून घ्यावेत. डिकीची क्षमता लिटरमध्ये सांगतात, पण ती मोजताना बऱ्याचदा एकेक लिटरचे, २० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचे ठोकळे रचतात. ते खिडकीच्या रेषेपर्यंत रचले की छतापर्यंत, यावर एकाच डिकीचे दोन फार वेगळे आकडे निघतात.

स्प्रिंगची अडचण याहून अवघड आहे. गाडीची उसळी सेकंदाला एक ते दीड आंदोलनांची असली की ती आरामदायक वाटते. तिची गती स्प्रिंगचा कडकपणा आणि वरचे वस्तुमान यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर ठरते. ज्या गाडीला ४०० किलो माणसे आणि सामान वाहायचे आहे तिच्या मागच्या स्प्रिंगा त्या भारासाठी कडक ठेवाव्या लागतात, आणि म्हणून एकटा चालक बसलेला असताना तीच गाडी खड्ड्यांत धडधडते. विजेवरच्या गाडीत जड बॅटरी जमिनीलगत पसरल्याने गुरुत्वमध्य खाली येतो आणि टॉर्क शून्य फेऱ्यांपासून मिळतो. वाढलेल्या वजनाचा बोजा मात्र टायर आणि ब्रेक यांना रोज वाहावा लागतो.

म्हणूनच रिकाम्या गाडीची, विक्रेत्याला शेजारी बसवून केलेली छोटी फेरी फारसे काही सांगत नाही. शक्य असेल तर घरातली सगळी माणसे बसवून एक चढ, एक वळण आणि एक खराब रस्ता घ्यावा. त्याआधी चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा कागद वाचावा: बहुतेक गाड्यांत तिथे टायरच्या दाबाचे दोन आकडे दिलेले असतात, एक कमी भारासाठी आणि दुसरा पूर्ण भारासाठी, आणि मागच्या चाकांच्या बाबतीत या दोन आकड्यांत जितके अंतर जास्त, तितकी ती गाडी भरल्यावर वेगळी वागण्याची शक्यता अधिक.