वायफायमध्ये समान वाटा कशाचा मोजायचा?

वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघं एकदम बोलले की पॅकेटांची (माहितीच्या तुकड्यांची) टक्कर होते आणि बहुतेक वेळा दोन्ही वाया जातात. पाळी कोणाची, हा प्रश्न १९७१ सालापासूनचा. त्या वर्षी हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांचं अलोहानेट हे रेडिओवर चालणारं संगणकांचं जाळं सुरू झालं. मनात येईल तेव्हा पाठवा, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा पाठवा, एवढाच त्याचा नियम होता. या रीतीने चॅनेलची जेमतेम १८ टक्के क्षमता वापरता येते.

पुढे इथरनेटने, म्हणजे तारेने जोडलेल्या संगणकांच्या जाळ्याने, ‘आधी ऐका, मग बोला’ ही शिस्त आणली. टक्कर झाली की थांबण्याची मर्यादा दुप्पट करायची, हा नियमही तिथलाच. अन्यायाचं मूळ याच दुपटीत होतं. हरणारा जास्त थांबतो आणि जिंकणारा लगेच पुन्हा रांगेच्या पुढे येतो. १९९४ साली मॅकॉ या बिनतारी जाळ्यासाठीच्या नियमावलीच्या संशोधकांनी दाखवलं, की असं चालू दिलं तर दोघांपैकी एक जण अख्खा चॅनेल बळकावू शकतो.

वायफायच्या १९९७ च्या ८०२.११ मानकातही हा दुपटीचा नियम टिकला. तरी एकमेकांना नीट ऐकू येणाऱ्या यंत्रांना दीर्घकाळात पाळ्या सारख्याच मिळतात. मग १९९९ साली ८०२.११बी आलं. आता राऊटरजवळचं यंत्र सेकंदाला ११ मेगाबिटने बोलणार आणि भिंतीआडचं कदाचित १ ने.

२००३ साली फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या संशोधकांनी यातली मेख उघड केली. गणित साधं आहे. १५०० बाइटचं पॅकेट पाठवायला पहिल्याला सुमारे १.१ मिलिसेकंद लागतात, दुसऱ्याला १२. एकाआड एक पाळी दिली, तर वेळेचा इतर खर्च न धरताही दोघांना प्रत्येकी जेमतेम ०.९ मेगाबिट मिळतात. वेगवान यंत्राचा वेग संथ यंत्राच्या मूळच्या १ मेगाबिटच्याही खाली येतो!

राज जैन आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली मांडलेला न्याय्यतेचा निर्देशांक (सगळ्यांना सारखं मिळालं तर १, नाहीतर कमी) या वाटपाला लावला, तर उत्तर येतं १, म्हणजे पैकीच्या पैकी. दोष सूत्राचा नाही. वाटा बिटांचा मोजायचा की वेळेचा, हे सूत्र सांगत नाही, ते आपण ठरवायचं असतं. वेळ निम्मी निम्मी वाटली तर ५.५ आणि ०.५ मिळतात. बिटांवर मोजलेला निर्देशांक ०.५९ पर्यंत घसरतो, वेळेवर मोजला तर १ च राहतो.

माझ्या मते वेळेचं वाटपच खरं न्याय्य. दूरच्या खोलीतल्या माणसाचं काय, हा आक्षेप रास्त आहे, कारण भिंत त्याने निवडलेली नसते. पण शेजारचं यंत्रही १ मेगाबिटचंच असतं, तर त्याला एवढेच ०.५ मिळाले असते. म्हणजे शेजाऱ्याच्या वेगामुळे त्याचं काही हिरावलं जात नाही. २००४ साली एमआयटीच्या गॉडफ्री टॅन आणि जॉन गटॅग यांनी हाच मुद्दा मांडला होता. लिनक्स या संगणकप्रणालीच्या वायफायमध्ये एअरटाइमचं, म्हणजे चॅनेल वापरण्याच्या वेळेचं, असं समान वाटप यायला मात्र २०१७ च्या आसपासचा काळ उजाडला.