डायटमच्या कवचातलं सिलिकॉन आणि हिमयुगातला समुद्र

सिलिकॉनचे स्थिर समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) तीन: 28 (सुमारे 92.2 टक्के), 29 (4.7) आणि 30 (3.1). डायटम, म्हणजे आपल्या करंडक वनस्पती (पाण्यातली सूक्ष्म, एकपेशीय शैवालं), पाण्यातलं सिलिसिक आम्ल उचलून ओपलचं (पाणी धरलेल्या सिलिकाचं) कवच घडवतात तेव्हा 28 ला झुकतं माप देतात. किती झुकतं, हे 1997 मध्ये क्रिस्टिना द ला रोशा, मार्क ब्रझेझिन्स्की आणि मायकेल डीनायरो यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या तीन डायटमांवर मोजलं. कवचातलं सिलिकॉन पाण्यातल्यापेक्षा दर हजारी 1.1 ने हलकं, म्हणजे 30 कमी असलेलं, निघालं, आणि 12 ते 22 अंश सेल्सिअसमध्ये तापमानाचा त्यावर परिणाम दिसला नाही. समुद्रतळाच्या गाळातल्या कवचांवरून जुन्या समुद्राचा अंदाज बांधणाऱ्यांना हेच हवं होतं.

हिशेब असा. समजा, वरच्या थरातल्या पाण्याचा डेल्टा-30, म्हणजे 30 आणि 28 च्या गुणोत्तरातला दर हजारी फरक, एनबीएस-28 या प्रमाण वाळूच्या तुलनेत +1.5 आहे. पहिली कवचं +0.4 ची होतील. हलकं उचललं गेलं की उरलेलं पाणी जड होतं. नवी भर न पडता निम्मं सिलिकॉन संपलं, तर तोवर साठलेल्या कवचांची सरासरी +0.74, सगळं संपलं तर +1.5. खालून ताजं पाणी सतत मिसळत असेल तर मात्र निम्म्यालाच +0.95. कुठलं गणित लावायचं हा वाद जुनाच आहे.

1998 मध्ये या तिघांनी आल्डो शेमेश यांच्यासह 'नेचर'मध्ये दक्षिणी महासागरातल्या गाळाच्या नोंदी मांडल्या. शेवटच्या हिमयुगातली कवचं हलकी होती, म्हणजे सिलिकॉन कमी वापरलं गेलं होतं. नायट्रोजनचे समस्थानिक नेमकं उलट, म्हणजे नायट्रेट जास्त वापरलं गेल्याचं, सांगत होते. 2002 मध्ये ब्रझेझिन्स्की आणि सहकाऱ्यांनी त्याची सांगड घातली: धुळीतून लोह मिळालं की डायटम नायट्रेटच्या मानानं सिलिकॉन कमी घेतात, आणि उरलेलं उत्तरेकडे 'गळतं'.

मोजमाप आधी सिलिकॉन टेट्राफ्लोराइड वायूवर व्हायचं; नंतर आयन वजनानुसार वेगळे करणारे प्लाझ्मा मास स्पेक्ट्रोमीटर आले. त्यात नायट्रोजन-ऑक्सिजनचा जोडआयन 30 च्याच वजनाचा असतो, म्हणून उच्च विभेदन (वजनातला बारीक फरक ओळखण्याची क्षमता) लागतं. हायड्रोफ्लोरिक आम्लातलं द्रावण तापवून सुकवलं तर सिलिकॉन वायू होऊन उडतं आणि आकडा बिघडतो. काचेचं भांडं तर वर्ज्यच, कारण काचेतच सिलिकॉन असतं.

खरी डोकेदुखी सफाईची. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लानं सेंद्रिय द्रव्य व कार्बोनेट जातात, चिकणमाती जात नाही. ती सोडियम पॉलीटंगस्टेटच्या जड द्रवात खाली बसवावी लागते. माती -1 आणि कवच +1 धरलं, तर मातीतून आलेलं 10 टक्के सिलिकॉन आकडा 0.2 नं खाली ओढतं. मोजणीतली चूक साधारण 0.1 ची असते. म्हणून मातीची खूण असलेलं ॲल्युमिनियम तपासल्याशिवाय नमुना पुढे जाऊ देऊ नये.

बुडताना कवच विरघळतं, त्याचं काय? 2009 च्या एका प्रयोगात विरघळताना हलकं सिलिकॉन आधी सुटताना दिसलं. नंतरच्या काही प्रयोगांत तसं आढळलं नाही. टास्मानियाच्या दक्षिणेला खोलवर टांगलेल्या सेडिमेंट ट्रॅपच्या (खाली पडणारे कण गोळा करणाऱ्या सापळ्यांच्या) 2015 मधल्या निष्कर्षांनी धीर दिला: वरचा हंगामी चढउतार, उन्हाळ्यात जड आणि पुढे पुन्हा हलका, खालीही दिसला.

जातींचा प्रश्न मात्र जास्त बोचरा. 2013 मध्ये फ्रॅजिलॅरिओप्सिस केर्गुलेन्सिस या डायटमसाठी कवच आणि पाणी यांतला फरक 0.54, तर कीटोसेरॉस ब्रेव्हिससाठी 2.09 निघाला. दोघीही दक्षिणी महासागरातल्याच. त्यामुळे नमुना विरघळवण्याआधी त्याचा थोडा भाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून जाती मोजून घ्याव्यात.