अँजिओटेन्सिन ग्राही, प्रकार १ (पुनःसंयोजित मानवी प्रथिन)

अँजिओटेन्सिन-२ या संप्रेरकाचा संदेश पेशीच्या आत पोचवणारे पेशीपटलातील प्रथिन. औषधशास्त्रात ते ‘एटी-१ ग्राही’ म्हणून ओळखले जाते. मानवात त्याचे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर असून प्रथिनाची साखळी ३५९ अमिनो अम्लांची आहे. रक्तवाहिन्यांच्या भित्तीतील अरेखित स्नायू, अधिवृक्क ग्रंथीचे बाह्यक, मूत्रपिंड, हृदय आणि मेंदूचे काही भाग यांत ते आढळते. पण इतके थोडे, की ऊतींमधून पुरेसे वेगळे काढून त्याची रचना अभ्यासणे व्यवहारात जमत नाही. म्हणून त्याचे जनुक दुसऱ्या पेशींत घालून त्यांच्याकडून ते बनवून घेतात. अशा प्रथिनाला पुनःसंयोजित म्हणतात. या ग्राहीविषयीचे बारकाव्याचे ज्ञान बहुतांशी त्याच्यामुळे मिळाले आहे.

रक्तदाब घसरला किंवा शरीरातले मीठ-पाणी कमी झाले, की मूत्रपिंडातून रेनिन हे विकर (एन्झाइम) स्रवते आणि पुढच्या दोन टप्प्यांत रक्तात आठ अमिनो अम्लांचे अँजिओटेन्सिन-२ तयार होते. ते एटी-१ ग्राहीला चिकटले की ग्राहीचा आकार बदलतो, आतल्या बाजूचे जी-प्रथिन (संदेश पुढे नेणारे प्रथिन) जागे होते आणि पेशीतील कॅल्शियम वाढते. वाहिनीचा स्नायू आकसतो. अधिवृक्क ग्रंथीत हाच संदेश अल्डोस्टेरोन हे संप्रेरक स्रवण्याचा असतो, त्यामुळे मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते. रक्तस्राव किंवा अतिसाराच्या प्रसंगी ही यंत्रणा जीव वाचवते. तीच वर्षानुवर्षे चढी राहिली तर हृदयाची भिंत जाडावते आणि मूत्रपिंडे झिजतात.

या ग्राहीच्या इतिहासात औषध आधी आले, ग्राही नंतर हाती लागला. अँजिओटेन्सिनचे ग्राही एकाहून अधिक प्रकारचे आहेत, हे १९८०च्या दशकाअखेरीस स्पष्ट झाले, तेही लोसार्टनसारखी (पुढे रक्तदाबाची औषधे ठरलेली) संयुगे एकाच प्रकाराला अडवतात या निरीक्षणावरून. जनुक १९९१ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे मिळवले, एकाने उंदराच्या रक्तवाहिनीतून आणि दुसऱ्याने गायीच्या अधिवृक्क ग्रंथीतून. दोघांनीही प्रथिन शुद्ध करण्याचा नाद सोडला. ऊतींतील जनुकांच्या प्रती माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या कॉस-७ पेशींत घातल्या आणि कोणत्या पेशी किरणोत्सारी अँजिओटेन्सिन धरून ठेवतात ते पाहिले. पुढच्याच वर्षी मानवी जनुकही मिळाले. लोसार्टनला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. मात्र सार्टन वर्गातले, म्हणजे लोसार्टनप्रमाणे हा ग्राही अडवणारे, औषध ग्राहीत नेमके कुठे बसते, हे कळायला आणखी वीस वर्षे लागली.

त्याचे कारण प्रथिनाच्या घडणीत आहे. ही साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते. पटलातून बाहेर काढताच ती विस्कटू लागते, आणि तिचे लवचीक भाग स्फटिक बनू देत नाहीत. २०१५ मध्ये यावर तोड निघाली. साखळीची सैल टोके छाटली, सुरुवातीला जिवाणूच्या एका घट्ट घडीच्या प्रथिनाचा जोड दिला आणि हे संकरित प्रथिन कीटकांच्या पेशींत वाढवले. मिळालेले स्फटिक अतिशय बारीक होते. नेहमीच्या क्ष-किरणांसाठी ते पुरेसे नव्हते. स्टॅनफर्ड येथील क्ष-किरण लेसरच्या फेम्टोसेकंदांच्या (सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशांच्या) स्पंदांनी, स्फटिक नष्ट होण्याच्या आतच त्यांची विवर्तनचित्रे घेतली गेली. त्यातून २.९ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) विभेदनाची रचना मिळाली. औषधाच्या रेणूला धरून ठेवण्यात १६७व्या स्थानावरील आर्जिनीन मुख्य आहे, हे त्यात दिसले. हे चित्र बंद अवस्थेतील ग्राहीचे होते. चालू अवस्थेतील रचना २०१९-२० मध्ये आल्या. त्यासाठी एका कृत्रिम सूक्ष्म-प्रतिपिंडाने (विशिष्ट रेणूलाच चिकटणाऱ्या लहान प्रथिनाने) ग्राहीला त्या स्थितीत धरून ठेवावे लागले.

प्रथिन कोणत्या पेशीत बनवले याला फार महत्त्व आहे, आणि विकत मिळणारा नमुना वापरताना याकडेच सर्रास दुर्लक्ष होते. मानवी एटी-१ ग्राहीवर शर्करासाखळ्या जोडल्या जाण्याच्या तीन जागा आहेत, तर बाहेरच्या बाजूला साखळीचे भाग एकमेकांना जोडणारे दोन डायसल्फाइड (गंधकाचे) बंध आहेत. ई. कोलाय जिवाणू अशा शर्करासाखळ्या जोडत नाही. त्यात बनवलेला ग्राहीचा तुकडा प्रतिपिंडे तयार करायला चालेल, पण संप्रेरक बांधण्याच्या प्रयोगाला तो विश्वासार्ह नाही. सस्तन प्राण्यांच्या एचईके-२९३ किंवा सीएचओ पेशींच्या पटलात बसलेला पूर्ण ग्राही मात्र संप्रेरक बांधतो आणि संदेशही देतो. प्रतिपिंडांचीही पारख करावी लागते. या ग्राहीसाठी म्हणून विकली जाणारी अनेक प्रतिपिंडे, ज्यांच्यात तो ग्राहीच नाही अशा उंदरांच्या ऊतींतही तीच खूण दाखवतात, असे २०१२-१३ मधील तपासण्यांत आढळले. केवळ अशा प्रतिपिंडांच्या आधारे काढलेले जुने निष्कर्ष पुन्हा पडताळूनच वापरावेत.

जनुक घातलेल्या पेशींनी काही अनपेक्षित गोष्टीही उघड केल्या. पेशी ताणली तर संप्रेरक नसतानाही हा ग्राही चालू होतो, असे जपानमधील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. कँडेसार्टन या सार्टन औषधाने ते थांबते. वाढलेल्या दाबाने हृदय जाडावण्यात याचा वाटा असू शकतो. जी-प्रथिनाला न जागवता बीटा-अरेस्टिन या दुसऱ्या मार्गाने संदेश देणारी संयुगेही अशाच पेशींत सापडली. त्यांपैकी टीआरव्ही-०२७ कडून तीव्र हृदय-अकार्यक्षमतेत मोठी आशा होती, पण रुग्णांवरील चाचणीत लाभ दिसला नाही.

सार्टन औषधे आज उच्च रक्तदाबाच्या उपचारात सर्वत्र आहेत. भारतातील उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या उपचारपद्धतीत टेल्मिसार्टनचा समावेश आहे. २०१७ मध्ये हा उपक्रम सुरू झाला तेव्हाच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. गरोदरपणात ही औषधे देत नाहीत, कारण गर्भाच्या मूत्रपिंडांच्या वाढीला हाच ग्राही लागतो. उलट दिशेचा उपयोगही आहे: सेप्सिससारख्या (गंभीर संसर्गातून उद्भवणाऱ्या) आघातात रक्तदाब कोसळून इतर उपाय पुरे पडत नाहीत, तेव्हा अँजिओटेन्सिन-२ शिरेतून देऊन हाच ग्राही मुद्दाम जागवतात. अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली.